पिरॅमिडल–पीव्ही जोड्यांची पॅच नोंदणी: 'जोडणी नाही' असं लिहिण्याआधीचे २४ दिवस

काम असं. उंदराच्या प्राथमिक व्हिज्युअल कॉर्टेक्सच्या (व्ही१, मेंदूचा दृष्टीचा भाग) जिवंत स्लाइसमध्ये (पातळ कापात) थर २/३ मधली एक पिरॅमिडल पेशी (उत्तेजक चेतापेशी) आणि तिच्या शेजारचा एक पीव्ही इंटरन्यूरॉन (पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेली निरोधक चेतापेशी), दोन्ही एकाच वेळी होल-सेल पॅच करायचे, म्हणजे काचेचा बारीक पिपेट पेशीच्या पडद्याला घट्ट चिकटवून, तिथला पडदा फोडून आतलं व्होल्टेज नोंदायचं. एकाकडून स्पाइक (पेशीचा विद्युत स्पंद) काढून दुसऱ्यात काय उमटतं ते बघायचं, मग उलट. पिरॅमिडलकडून पीव्हीकडे ही उत्तेजक दिशा, पीव्हीकडून पिरॅमिडलकडे ही निरोधक. उंदीर पीव्ही-क्री आणि एआय१४ या जनुकबदल केलेल्या जातींच्या संकरातले (पहिलीतलं क्री हे विकर पीव्ही पेशींत बनतं आणि दुसरीतलं टीडी-टोमॅटो या लाल प्रथिनाचं जनुक चालू करतं), त्यामुळे पीव्ही पेशी लाल चमकतात. वय ३० ते ४० दिवस. प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्यावरच दिवस मोजायला सुरुवात केली.

दिवस १. द्रावणं

स्लाइस कापण्यासाठी एनएमडीजीचं (सोडियमच्या जागी वापरायचं सेंद्रिय संयुग) द्रावण, एक लिटर. आकडे मिलिमोलरमध्ये: एनएमडीजी ९२, पोटॅशियम क्लोराइड २.५, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२५, सोडियम बायकार्बोनेट ३०, हेपेस २०, ग्लुकोज २५, थायोयुरिया २, सोडियम अॅस्कॉर्बेट ५, सोडियम पायरुव्हेट ३, कॅल्शियम क्लोराइड ०.५, मॅग्नेशियम सल्फेट १०.

पहिली बॅच दुधासारखी झाली आणि सिंकमध्ये गेली. सगळे क्षार एकापाठोपाठ टाकले आणि पीएच शेवटी बघू म्हटलं, तिथे चुकलं. एनएमडीजी स्वतः चांगलाच अल्कधर्मी आहे. त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम पडले की साका बसणारच. दुसऱ्या बॅचला क्रम बदलला: आधी एनएमडीजी, मग हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ७.३ ते ७.४ वर, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम सगळ्यांच्या शेवटी. ५ मोलर आम्ल लिटरला साधारण १७ मिलिलिटर लागतं. शेवटचा एक मिलिलिटर थेंबाथेंबाने घाला, पीएच तिथे झपकन खाली येतो.

नोंदणीचं एसीएसएफ (मेंदूतल्या द्रवासारखं कृत्रिम द्रावण): सोडियम क्लोराइड १२४, पोटॅशियम क्लोराइड २.५, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२५, बायकार्बोनेट २६, ग्लुकोज १०, मॅग्नेशियम सल्फेट १, कॅल्शियम क्लोराइड २. इथेही कॅल्शियम शेवटी, कार्बोजेन (९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड) १५ मिनिटं सोडल्यानंतरच. कॅल्शियम क्लोराइडची पूड हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे वजन खोटं येतं. १ मोलरचं स्टॉक करून त्यातून मोजा.

पिपेटमधलं द्रावण: पोटॅशियम ग्लुकोनेट १३०, पोटॅशियम क्लोराइड ४, हेपेस १०, ईजीटीए ०.३, मॅग्नेशियम-एटीपी ४, सोडियम-जीटीपी ०.३, फॉस्फोक्रिएटिन १०, बायोसायटिन (पेशी नंतर रंगवून बघण्यासाठी) ०.३ टक्के. पीएच ७.३, ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) २९० मिलिऑस्मोल. ०.२२ मायक्रॉनमधून गाळून छोटे वाटे करून गोठवले. वापरातला वाटा दिवसभर बर्फावर, संध्याकाळी उरलेला फेकायचा. परत गोठवून एटीपी टिकत नाही.

(नंतरची भर: वरचा 'पोटॅशियम क्लोराइड ४' हा आकडा तेव्हा कोणाच्याच डोळ्यांत भरला नाही.)

दिवस २ आणि ३. स्लाइस

जाडी ३०० मायक्रॉन, ब्लेड पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला ०.१ मिलिमीटर. मेंदू सरळ कोरोनल प्रतलात (कानापासून कानापर्यंतच्या उभ्या कापात) कापला तर व्ही१ मधल्या पिरॅमिडल पेशींचे शेंड्याकडचे डेंड्राइट (संकेत घेणाऱ्या फांद्या) तिरके छाटले जातात. म्हणून मागचा भाग कोरोनल प्रतलाशी सुमारे १७ अंशांचा कोन करून चिकटवला. कोन बरोबर आहे का हे पहिल्याच स्लाइसवर कळतं: मुख्य डेंड्राइट पेशीपासून वरच्या पृष्ठभागापर्यंत एकाच फोकसमध्ये जवळजवळ पूर्ण दिसला पाहिजे. तो मध्येच स्लाइसमधून बाहेर निघून जात असेल तर ब्लॉक पुन्हा चिकटवा, पुढच्या स्लाइसमध्ये आपोआप सुधारणा होत नाही.

कापल्यानंतर ३३ अंश सेल्सिअसला त्याच एनएमडीजी द्रावणात १२ मिनिटं, मग सोडियम असलेल्या हेपेस द्रावणात खोलीच्या तापमानाला किमान तासभर. दुसऱ्या दिवशी स्लाइस एनएमडीजीत अर्धा तास राहिल्या. दिसायला उत्तम, पण पिपेट टेकवून कितीही ओढलं तरी रोध २०० ते ३०० मेगाओहमवर अडकायचा, गिगासील (पिपेट आणि पडदा यांच्यातला १ गिगाओहमच्या वरचा घट्ट जोड) एकही नाही. आधी पिपेट बदलले, मग पिपेटमधलं द्रावण बदललं, मग मॅनोमीटरवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी टायमर लावून १२ मिनिटांवर बाहेर काढल्या आणि सील आपसूक लागू लागली. वाया: दीड दिवस आणि एक प्राणी.

कोणती पेशी निवडायची याबद्दल नवख्यांची हमखास फसगत होते. इन्फ्रारेड डीआयसीमध्ये (न रंगवलेली पेशी उठावदार दाखवणारी सूक्ष्मदर्शी पद्धत) काठ लखलखीत आणि केंद्रक स्पष्ट दिसत असेल तर ती पेशी मरायला टेकली आहे. चांगली पेशी फिकट, गुळगुळीत, शेजाऱ्यांत मिसळलेली असते. आणि पृष्ठभागापासून किमान ५० मायक्रॉन खाली जा. वरच्या थरातल्या पेशी पॅच करायला सोप्या असतात, पण त्यांचे अॅक्सॉन (संकेत नेणारे तंतू) ब्लेडने तोडलेले असतात. तिथे जोडणी सापडली नाही तर त्यातून कॉर्टेक्सबद्दल काहीच कळत नाही.

दिवस ४. गुणगुण

मेन्सची ५० हर्ट्झची लाट, टोकापासून टोकापर्यंत १ मिलिव्होल्टहून जास्त. आपल्याला मोजायचे संकेत याहून लहान असतात, त्यामुळे चालवून घेण्याचा प्रश्न नव्हता. एकेक उपकरण बंद करत गेलो. हीटर बंद, फरक नाही. दिवा बंद, फरक नाही. पंपाची नळी हाताने चिमटली आणि लाट गायब. पंपापासून बाथपर्यंत (स्लाइस ठेवलेल्या पात्रापर्यंत) खारट पाण्याचा अखंड खांब होता, तोच अँटेना झाला होता. मध्ये थेंबपात्र बसवून प्रवाह तोडला, शोषणाच्या धातूच्या नळीला अर्थ दिलं, संदर्भ इलेक्ट्रोडच्या चांदीच्या तारेवर नव्याने क्लोराइड चढवलं. अर्थच्या सगळ्या तारा एकाच बिंदूला जोडा. दोन ठिकाणी जोडल्या की नवं वेटोळं तयार होतं आणि गुणगुण दुसऱ्या वाटेने परत येते.

दिवस ५ ते ७. दुसरा पिपेट पहिल्याला मारतो

तीन दिवस एकच रडगाणं. पिरॅमिडल पेशी पॅच झाली, आत शिरलो, नोंद सुंदर. मग पीव्ही पेशीकडे दुसरा पिपेट नेताना ऊतक ढकललं जायचं आणि पहिली सील सुटायची. सावकाश नेला तरी तेच.

उपाय क्रमाचा होता:

१. दोन्ही पिपेट दाबाखाली (६० मिलिबार) स्लाइसमध्ये उतरवायचे आणि आपापल्या पेशीपासून २० मायक्रॉनवर थांबवायचे.
२. दाब ३० वर आणायचा. ऊतक परत बसायला दोन मिनिटं द्यायची. ही दोन मिनिटं खाऊ नका.
३. आधी पीव्हीला सील, कारण ती लहान आणि चंचल. मग पिरॅमिडलला सील. आत अजून कुठेच शिरायचं नाही.
४. दोन्ही सील १ गिगाओहमच्या वर स्थिर झाल्या की एकापाठोपाठ आत शिरायचं.

पिपेट ४ ते ६ मेगाओहमचे, दोघांच्या वाटा परस्परांना छेदणार नाहीत अशा विरुद्ध बाजूंनी. पेशींमधलं अंतर १०० मायक्रॉनच्या आत. त्यापलीकडे जोडणी मिळण्याची शक्यता उतरत जाते आणि मेहनत तेवढीच राहते. सिरीज रोध (पिपेट आणि पेशीचा आतला भाग यांच्यामधला रोध) २५ मेगाओहमच्या वर असेल किंवा नोंदीदरम्यान २० टक्क्यांहून जास्त हलला तर ती जोडी बाद.

दिवस ८. पहिला ईपीएसपी (उत्तेजक संकेत), आणि त्याआधीचा तोतया

पिरॅमिडलला २ मिलिसेकंदांचा, १ नॅनोअँपिअरचा झटका देऊन स्पाइक काढला. पीव्हीत लगेच वर जाणारा उंचवटा. आनंद दहा मिनिटं टिकला. उंचवटा झटक्याच्या सुरुवातीलाच उगवत होता, स्पाइक तर त्यानंतर येत होता. दोन पिपेटमधल्या धारकतेतून झिरपलेला तो संकेत. ओळखायची सोपी चाचणी: झटका निम्मा करा, म्हणजे स्पाइक येणार नाही. उंचवटा निम्म्या उंचीने तसाच उरला तर तोतया, पूर्ण गेला तर सायनॅप्स (दोन पेशींमधली खरी जोडणी). दोन्ही पिपेटधारकांच्या मध्ये अर्थ दिलेली पातळ धातूची पट्टी उभी केली, बाथमधली पाण्याची पातळी कमी केली. झिरपणं बरंच घटलं, पुरतं गेलं नाही. ही चाचणी तेव्हापासून प्रत्येक जोडीवर.

दुपारी खरा ईपीएसपी मिळाला. स्पाइकच्या शिखरापासून साधारण १ मिलिसेकंदाने सुरुवात, झपकन चढ. सरासरी काढताना आधी झटक्याच्या सुरुवातीशी रांग लावली होती, त्यात चढ पसरट आणि बुटका दिसत होता. पिरॅमिडल पेशीचा स्पाइक दर वेळी थोडा पुढे-मागे येतो आणि पीव्हीमधला चढ मुळातच सुमारे मिलिसेकंदभराचा, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाची चूकही नडते. प्रत्येक नोंद प्रीसायनॅप्टिक (संकेत पाठवणाऱ्या पेशीच्या) स्पाइकच्या शिखराशी जुळवून मग सरासरी घ्या. नमुने ५० किलोहर्ट्झने, बेसेल फिल्टर १० किलोहर्ट्झ. सुरुवात ३ मिलिसेकंदांहून उशिरा असेल तर मध्ये आणखी एखादी पेशी असल्याचा संशय धरा.

दिवस ९ ते १३. निरोधक दिशा रिकामी

पीव्हीतून पिरॅमिडलकडे काहीच नाही. जोडीमागून जोडी सपाट रेघ. हे पटण्यासारखं नव्हतं: थर २/३ मध्ये जवळच्या पीव्ही आणि पिरॅमिडल पेशींमधली निरोधक जोडणी ही कॉर्टेक्समधल्या सगळ्यात सहज सापडणाऱ्या जोडण्यांपैकी एक. एक-दोन जोड्या रिकाम्या निघतील, सगळ्या कशा निघतील?

नववा आणि दहावा दिवस चुकीच्या संशयांवर गेला. अॅक्सॉन तुटले असतील म्हणून ८० मायक्रॉनपर्यंत खाली गेलो. पीव्ही पेशी नीट स्पाइक देत नसेल म्हणून झटका १.५ नॅनोअँपिअर केला (पीव्हीचा इनपुट रोध कमी असतो, तिला जास्त प्रवाह लागतो हे खरंच आहे, पण स्पाइक आधीही येत होते). नवं एसीएसएफ केलं. तापमान तपासलं.

अकराव्या दिवशी जुन्या नोंदी ५० स्वीपची (एकेका वेळच्या नोंदीची) सरासरी काढून मोठ्या करून पाहिल्या. दोन जोड्यांमध्ये पीव्ही स्पाइकनंतर अगदी बारीक उंचवटा होता, आणि तो वरच्या दिशेने. निरोधक संकेत वरच्या दिशेने म्हणजे पेशी गाबाच्या (निरोधक पेशी सोडतात ते रसायन) उलट-बिंदूच्या (ज्या व्होल्टेजला संकेताची दिशा उलटते) खाली धरलेली आहे. मग कागद घेतला.

बाहेर क्लोराइड: १२४ अधिक २.५ अधिक कॅल्शियम क्लोराइडचे ४, म्हणजे १३०.५ मिलिमोलर. आत ४. नर्न्स्टच्या समीकरणाप्रमाणे ३३ अंशांना क्लोराइडचा समतोल उणे ९२ मिलिव्होल्ट. गाबा-ए वाहिनीतून थोडं बायकार्बोनेटही जातं, ते धरलं की उलट-बिंदू उणे ८० च्या आसपास येतो. पेशी धरली होती उणे ७० वर. म्हणजे १० मिलिव्होल्टचा फरक आहे, संकेत लहान पण खालच्या दिशेने दिसायला हवा. वर का?

कारण उणे ७० हे खरं उणे ७० नव्हतं. पोटॅशियम ग्लुकोनेटच्या पिपेटला एसीएसएफशी जोडताना लिक्विड जंक्शन पोटेन्शियल (दोन वेगळ्या द्रावणांच्या सीमेवरचं व्होल्टेज) तयार होतं, आणि ते आम्ही दुरुस्त केलं नव्हतं. मोजलं: पिपेटमध्ये आणि बाथमध्ये दोन्हीकडे आतलं द्रावण, संदर्भ इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या पुलावर, अॅम्प्लिफायर शून्यावर, मग बाथमध्ये एसीएसएफ सोडून आकडा किती सरकतो ते वाचायचं. सुमारे १४ मिलिव्होल्ट आलं. दाखवलेल्या व्होल्टेजमधून ते वजा करायचं असतं. म्हणजे पडद्यावर उणे ७० तेव्हा पेशी प्रत्यक्षात उणे ८४ वर, गाबाच्या उलट-बिंदूच्या ४ मिलिव्होल्ट खाली. त्या जागी सगळ्यात दणकट निरोधक सायनॅप्सही जवळजवळ अदृश्य असतो.

बाराव्या दिवशी पडद्यावर उणे ५५ (खरं उणे ६९) वर पिरॅमिडल धरली. पहिल्याच जोडीत खाली जाणारा स्वच्छ आयपीएसपी (निरोधक संकेत), सुमारे पाऊण मिलिव्होल्ट. त्याच पेशीला उणे ७० वर नेलं, सपाट. परत उणे ५५, परत आला. पिरॅमिडल पेशी इथे आपणहून स्पाइक देईल अशी भीती होती, पण जंक्शन धरलं तर उंबरठा अजून बराच वर आहे.

आतलं क्लोराइड ३० च्या वर नेण्याचा पर्यायही तपासला. त्यात आयपीएसपी वरच्या दिशेने आणि मोठे येतात, शोधायला फार सोयीचे. नाकारला. एक तर पीव्ही पेशीवर उत्तेजक आणि निरोधक दोन्ही संकेत वरच जाणार, वेगळे करायला औषध लागणार. दुसरं, पेशीतलं क्लोराइड आपण ठरवल्यावर निरोध पेशीला खरोखर किती खाली ओढतो हे विचारण्यात अर्थ राहत नाही. (हे ४ मिलिमोलरलाही लागू आहेच. दिशा तेवढी खरी राहते.)

तेव्हापासूनचा नियम: प्रत्येक जोडीची उत्तेजक दिशा पडद्यावरच्या उणे ७० ला, निरोधक दिशा उणे ५५ ला. दिवस ८ ते ११ मधल्या निरोधक दिशेच्या सगळ्या नोंदी तक्त्यातून काढल्या. 'जोडणी नाही' असं लिहिलेलं खोडून 'तपासलं नाही' लिहिलं. वाया: ४ दिवस, ४ प्राणी. सगळ्या कामातली ही सगळ्यात महाग चूक, आणि तिच्यात एकही उपकरण बिघडलं नव्हतं.

दिवस १५. स्पाइकची रांग

५० हर्ट्झने ८ स्पाइक, २५० मिलिसेकंद थांबून आणखी ४. दोन स्वीपमध्ये १५ सेकंद. आधी ५ सेकंदच ठेवले होते, त्यात सायनॅप्स पूर्ववत व्हायच्या आत पुढची रांग सुरू व्हायची आणि पहिला संकेत स्वीपगणिक खचत जायचा.

दोन्ही दिशा थकणाऱ्या: पहिला संकेत मोठा, पुढचे लहान. मात्र थकवा किती ते कॅल्शियमवर ठरतं. २ मिलिमोलरला पहिल्या स्पाइकला जास्त पुटिका (संकेत-रसायनाच्या सूक्ष्म पिशव्या) सुटतात, म्हणून पुढची घसरण तीव्र. १.३ ला पहिला संकेत लहान, घसरण सौम्य, आणि संकेत न उमटवणाऱ्या स्पाइकची संख्या वाढते. जोडणी शोधायला २ बरं, मेंदूतल्या स्थितीच्या जवळ जायचं तर १.३. आम्ही २ वर राहिलो. एका संचात दोन्ही मिसळू नका एवढंच. आणि पात्र उघडं असेल तर दिवसभर पाणी उडून सगळ्याच क्षारांचं प्रमाण चढतं. दुपारी ऑस्मोमीटर पुन्हा लावला तेव्हा सकाळच्या ३०० चे ३१२ झाले होते. आता झाकण.

पीव्हीतले ईपीएसपी पटकन ओसरतात, रांगेतही बऱ्यापैकी सुटे राहतात. पिरॅमिडलमधले आयपीएसपी एकमेकांवर चढतात. तिथे प्रत्येकाची उंची थेट मोजली तर थकवा कमी दिसतो; आधीच्या संकेताचा ओसरता उतार वजा करून मोजा.

दिवस १७. गॅबाझिन

१० मायक्रोमोलर गॅबाझिनने (गाबाचा परिणाम अडवणारं औषध) आयपीएसपी पुसला गेला, ओळख पक्की. पण पाच मिनिटांत स्लाइस झटके देऊ लागली, दोन्ही पेशींत एकाच वेळी मोठे भडके. निरोध काढल्यावर हे होणारच, आम्ही तयारीत नव्हतो. चाचणी जोडीच्या अगदी शेवटी करा आणि त्या स्लाइसवर नंतर काही मोजू नका. दुसऱ्या स्लाइसवर पुढे जाण्याआधी नळ्या बदलल्या. एक दिवस न बदलता पुढे गेलो होतो आणि निरोध पुन्हा 'गायब' झाला, या वेळी कारण नळीत उरलेलं औषध. दिवस ९ ची आठवण ताजी होती म्हणून तासाभरात सापडलं.

दिवस १९. लाल असूनही पिरॅमिडल

लाल पेशी, थर ५. स्पाइक रुंद, सतत प्रवाह दिला तर स्पाइकमधलं अंतर वाढत जातं. पीव्ही असं वागत नाही: तिचा स्पाइक अर्ध्या मिलिसेकंदाहून अरुंद, आणि शेकड्यात गेलेला वेगही न दमता टिकतो. पीव्ही-क्री थर ५ मधल्या काही पिरॅमिडल पेशींतही चालू असतं, आणि एआय१४ मध्ये एकदा उमटलेला रंग कायमचा. उपाय: थर २/३ सोडायचा नाही, आणि प्रत्येक पेशीला आधी ५०० मिलिसेकंदांच्या प्रवाहाच्या पायऱ्या देऊन तिचं वागणं नोंदवायचं. रंग फक्त शोधायला.

दिवस २२. बायोसायटिन

आत शिरल्यापासून किमान २५ मिनिटं, मग पिपेट काढणं. झटक्यात काढला तर पेशीचं धड पिपेटबरोबर वर येतं. पहिल्या तीन जोड्यांत डेंड्राइट उरले, पेशी नाहीत. आता पेशी उणे ७० वर धरून, हलकं शोषण ठेवून, वर आणि बाजूला अगदी संथ ओढतो. रोध पुन्हा गिगाओहमकडे चढू लागला की पेशीचा पडदा मिटला. नंतर ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये रात्रभर, ०.३ टक्के ट्रायटन, आणि हिरव्या रंगाचं स्ट्रेप्टॅव्हिडिन (बायोसायटिनला चिकटणारं प्रथिन), कारण लाल खिडकी टीडी-टोमॅटोने आधीच अडवली आहे.

दिवस २४. तक्त्याची फेरतपासणी

'जोडणी नाही' हा शेरा आता पाच गोष्टी भरल्याशिवाय टाकता येत नाही: दोन्ही पेशींची खोली, मधलं अंतर, किमान ३० स्वीप, प्रत्येक स्वीपमध्ये प्रीसायनॅप्टिक स्पाइक आल्याची खूण, आणि जंक्शन वजा करून पोस्टसायनॅप्टिक (संकेत घेणाऱ्या) पेशीचं खरं व्होल्टेज. एकही रकाना रिकामा असेल तर शेरा 'तपासलं नाही'. या चाळणीतून दिवस ५ ते १३ मधलं उत्तेजक दिशेचं थोडं काम वाचलं, निरोधक दिशेचं फक्त शेवटच्या दोन दिवसांचं.

पुढचं काम सोमॅटोस्टॅटिन पेशींवर (निरोधक पेशींचा दुसरा प्रकार). तिथे पिरॅमिडलकडून येणारा पहिला ईपीएसपी बहुतेकदा दिसतच नाही, रांगेतल्या चौथ्या-पाचव्या स्पाइकपर्यंत तो वाढत जातो. म्हणून शोधतानाच एका स्पाइकऐवजी ८ ची रांग द्यायची असं ठरवून प्रोटोकॉल बदलून ठेवला आहे. पिपेटच्या द्रावणाची नवी बॅच झाली. बाटलीवर तारखेखाली जंक्शनचा आकडाही लिहिला आहे.